कातरणांच्या पिशव्या, दोन उद्दिष्टे आणि एक गुंतवणूकदार

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजून घेण्यात माझ्याकडून काही सुटले असेल तर ते तुम्हाला लगेच दिसेल. तुम्ही डिझायनर आहात आणि तुमच्या भागीदार व्यवसायाचा हिशेब सांभाळतात. तयार कपड्यांच्या कारखान्यांतून निघणारी कातरणे गोळा करून तुम्ही त्यांच्या पिशव्या, आसने आणि भिंतीवर लावायचे कापडी पट बनवता. शिवणकाम घरून काम करणाऱ्या काही स्त्रिया करतात. वस्तूंचे कौतुक होते, एक पुरस्कारही मिळाला आहे, परंतु वर्षअखेरीस जमाखर्च कसाबसा जुळतो. आता एका गुंतवणूकदाराने उत्पादन पाचपट करण्याच्या अटीवर भांडवल देऊ केले आहे. स्वतःला कलावंत समजावे की उद्योजक, कंपनी ठेवावी की सेवाभावी संस्था काढावी, आणि पर्यावरणरक्षण व सामाजिक बदल ही दोन्ही उद्दिष्टे एका व्यवसायात खरोखर साधतात का, असे तुम्ही विचारले आहे.

या तिन्हींपैकी खरा प्रश्न शेवटचा आहे, आणि त्याचे उत्तर मिळाले की उरलेले दोन बरेचसे आपोआप सुटतात. लहान सर्जनशील उद्योगांना उत्पादन आणि हिशेबाच्या बाबतीत सल्ला देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. त्यात मला वारंवार असे दिसते की ही दोन उद्दिष्टे एकमेकांना पूरकच असतात असे गृहीत धरून काम सुरू होते. काही ठिकाणी ती तशी असतातही. परंतु प्रत्येक उद्योगात अशी एक जागा असतेच, जिथे एका उद्दिष्टाचा खर्च गुपचूप दुसऱ्यावर ढकलला जातो. ती जागा सापडेपर्यंत उत्पादन वाढवू नये, असे माझे मत आहे. तुमच्या बाबतीत ती जागा कातरणांच्या वर्गवारीचे टेबल ही असावी, असा माझा अंदाज आहे. त्याकडे येण्यापूर्वी एक मोठे उदाहरण सांगतो, कारण त्यात हा खर्च ढकलण्याचा प्रकार अगदी स्पष्ट दिसतो.

दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला प्लेपंप हा कल्पक रचनेचा नमुना म्हणून एके काळी फार गाजला. मुलांच्या खेळण्याचे गोल फिरणारे चक्र भूगर्भातील पाण्याच्या पंपाला जोडायचे, मुले खेळतील तसे पाणी उंचावरच्या टाकीत चढेल, आणि टाकीच्या बाजूंना लावलेल्या जाहिरातींच्या उत्पन्नातून देखभालीचा खर्च निघेल, अशी ती योजना होती. कल्पना ऐकणाऱ्याला लगेच भावते, यात शंका नाही. २००० साली तिला जागतिक बँकेचा पुरस्कार मिळाला आणि २००६ साली अमेरिकेतून १ कोटी ६४ लाख डॉलरच्या मदतीची घोषणा झाली. २०१० पर्यंत असे ४,००० पंप बसवण्याचे उद्दिष्ट ठरले. प्रत्यक्षात मुले दिवसभर खेळत नाहीत. पाणी तर दररोज लागते. त्यामुळे ते जड चक्र हाताने फिरवण्याचे काम अनेक ठिकाणी गावातील स्त्रियांवर येऊन पडले, आणि ते साध्या हातपंपापेक्षा अधिक कष्टाचे होते. ठरलेल्या लोकसंख्येला पुरेल इतके पाणी चढवायचे तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावे लागेल, असा हिशेब ‘द गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकाने २००९ साली मांडला. जाहिराती अनेक गावांत मिळाल्याच नाहीत, आणि बिघडलेला पंप गावातल्या माणसाला दुरुस्त करता येत नव्हता. मदत देणाऱ्या प्रमुख प्रतिष्ठानाने २०१० साली आपला मार्ग बदलल्याचे जाहीरपणे मान्य केले.

या प्रकरणात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. अडचण अशी होती की पैसे देणारा एका खंडात बसला होता, पाणी भरणारी स्त्री दुसऱ्या खंडात होती, आणि तिची नाराजी पैसे देणाऱ्याच्या कानावर पोहोचेल असा कोणताही मार्ग व्यवहाराच्या रचनेत नव्हता. तिने पंप विकत घेतला असता, तर तो तिने परत केला असता. पिशवी विकत घेणारा ग्राहक आणि ती शिवणारी स्त्री यांच्यातही असेच अंतर असते. तुमची वस्तू कितीही सुंदर असली, तरी त्या अंतरात काय दडले आहे हे ग्राहकाला दिसत नाही आणि तुम्हालाही ते मुद्दाम पाहावे लागते.

याच्या उलट रचनाही असते. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराईत ११ खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले. तेथे पैसे देऊ शकणारे रुग्ण पैसे देतात आणि उरलेल्यांवर मोफत किंवा अत्यल्प दरात उपचार होतात, एवढेच बहुतेकांना माहीत असते, आणि म्हणून त्याकडे दानधर्म म्हणून पाहिले जाते. खरी गंमत वेगळी आहे. एका शल्यचिकित्सकाने दिवसभरात अधिक शस्त्रक्रिया कराव्यात यासाठी पूर्वतयारीची आणि नंतरची सर्व कामे प्रशिक्षित साहाय्यकांकडे सोपवून तेथील कामाची मांडणी केलेली आहे. मोफत रुग्णांमुळे शस्त्रक्रियांची संख्या वाढते, संख्येमुळे प्रत्येक शस्त्रक्रियेचा खर्च कमी होतो आणि हात अधिक सरावतो. त्याचा फायदा पैसे देणाऱ्या रुग्णालाही मिळतो. डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग आयात करणे महाग पडत होते, म्हणून १९९२ साली ऑरोलॅब ही स्वतःची उत्पादनसंस्था काढून त्यांनी त्याची किंमत अनेक पटींनी खाली आणली. म्हणजे सामाजिक उद्दिष्ट हे नफा झाल्यावर वाटायचे दान राहिले नाही, तर खर्च कमी करणाऱ्या यंत्रणेचाच तो एक भाग झाला. तुमच्या कामात असा सांधा कुठे तयार होईल, हे शोधायचे आहे.

आता कातरणांकडे येऊ. पुढचे सर्व काही तुम्हाला कोणत्या प्रकारची कातरणे मिळतात यावर अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेले नाही. शुद्ध सुती कातरण, पॉलिस्टर मिसळलेले कातरण आणि ताणला जाणारा इलॅस्टेनचा धागा असलेले कातरण या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. शुद्ध सुती तुकड्यांना अन्य मागणी असते. त्यांची रुई करून पुन्हा सूत काढणारे किंवा यंत्रे पुसण्यासाठी ते घेणारे बहुधा आधीपासून असतात. मिश्र धाग्यांचे विलगीकरण अवघड असल्यामुळे त्यांना कोणी वाली नसतो आणि ते जाळले किंवा पुरले जातात. तुम्ही जर पहिल्या प्रकारचे कातरण उचलत असाल, तर तुम्ही कचरा वाचवत नसून कोणाचा तरी कच्चा माल घेत आहात, आणि तो कोणी म्हणजे बहुधा तुमच्याहून गरीब असा भंगार वेचणारा किंवा वर्गवारी करणारा असतो. हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर गैरसोयीचे असण्याची शक्यता असते. तुमच्या आधी हे कातरण कोण नेत होते, हे कारखान्याच्या मालकाला विचारण्याऐवजी त्याच्या दारावरच्या माणसाला विचारा.

दुसरी गोष्ट अशी की कचऱ्याला भाव आला की कचरा कमी करण्याची निकड संपते. आज कातरणांची विल्हेवाट लावण्याचा खर्च कारखान्याला सोसावा लागत असेल, तर कापडावर नमुने अधिक दाटीने मांडून कातरण कमी करण्यात त्याचा फायदा आहे. तुम्ही पाचपट कातरणे विकत घेऊ लागलात, तर तो फायदा कमी होईल आणि शिवाय तुम्ही त्याच्यावर अवलंबून राहाल, तो तुमच्यावर नव्हे. माझ्या पाहण्यातील अनेक उद्योगांना सुरुवातीला फुकट मिळणारा माल दोन-तीन हंगामांत विकत घ्यावा लागला आणि तेवढ्यानेच त्यांचे गणित कोसळले. म्हणून कातरणांचा दर आणि किमान पुरवठा लेखी ठरवल्याशिवाय वाढीचा विचार करू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे तुमची वस्तू नव्या वस्तूची जागा घेते की तिच्यात भर घालते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या जीवनचक्र-अभ्यासात, म्हणजे वस्तू बनण्यापासून टाकली जाईपर्यंतचा परिणाम मोजणाऱ्या अभ्यासात, असे आढळले की हवामानावरील परिणामाच्या दृष्टीने नव्या कापसाची पिशवी एकदाच वापरल्या जाणाऱ्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येण्यासाठी १३१ वेळा वापरावी लागते. हा आकडा तुमच्या पिशवीला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण कापूस पिकवण्याचा आणि विणण्याचा भार मूळ कपड्याने उचललेला आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष लागू होतो: पिशवी कशाची बनली आहे यापेक्षा ती किती वेळा खांद्यावर चढते हे अधिक महत्त्वाचे आहे. भेट म्हणून दिलेली आणि कपाटात पडून राहिलेली कातरणांची पिशवी म्हणजे शिलाई, दोरा, बंद, वाहतूक आणि वेष्टन यांचा निव्वळ जास्तीचा खर्च आहे. पुरस्काराच्या अर्जात किती किलो कातरण वाचवले हा आकडा लिहिला जातो, आणि तो मोजायला सोपा असल्यामुळे सगळ्यांना आवडतो. मला मात्र तो जवळजवळ निरुपयोगी वाटतो. तुमच्या जुन्या ग्राहकांपैकी काहींना वर्षभराने विचारा की पिशवी अजून वापरात आहे का आणि बंद कुठे तुटला.

इथवर पर्यावरणाचा भाग झाला. शिवणाऱ्या स्त्रियांचा भाग माझ्या मते अधिक नाजूक आहे. घरून काम करणाऱ्यांना बहुधा नगामागे मजुरी मिळते. तो दर ठरवताना सर्वांत चपळ हाताचा वेग धरला जातो. सरासरी हाताचा धरला जात नाही. शिवाय कारखान्यात जे खर्च मालक करतो ते घरकामात कारागिरावर येतात: यंत्राची देखभाल, वीज, दोरा, सुई, जागा, माल आणायला आणि पोहोचवायला लागणारा वेळ. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने घरून केल्या जाणाऱ्या कामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ साली संमत केला. अशा कामगारांना इतर मजुरांसारखीच वागणूक मिळावी हे त्याचे मुख्य सूत्र आहे, आणि १९७२ साली इला भट्ट यांनी स्थापन केलेल्या सेवा या स्त्री-कामगारांच्या संघटनेचा त्यामागील प्रयत्नांत मोठा वाटा होता. ज्यांना सामाजिक बदल घडवायचा आहे त्यांनी निदान त्या कसोटीला तरी उतरायला हवे. रोजगार दिला एवढ्याने बदल घडला असे म्हणता येत नाही.

आणि आता ते टेबल. कातरणे प्रत्येक गठ्ठ्यात निराळी येतात: आकार वेगळे, रंग वेगळे, जाडी वेगळी. एका पिशवीला जुळणारे तुकडे निवडण्यात, त्यांची इस्त्री करण्यात आणि ते कापून सारखे करण्यात जो वेळ जातो तो शिवण्याच्या वेळेपेक्षा पुष्कळदा अधिक असतो. हा वेळ कोणाच्या नावावर लिहिला जातो? मजुरी नगामागे असेल आणि गठ्ठा थेट घरी जात असेल, तर तो शिवणाऱ्या स्त्रीच्या नावावर लिहिला जातो, म्हणजेच लिहिला जात नाही. जितके वाईट कातरण तुम्ही वाचवाल, तितका तिचा ताशी दर खाली जाईल. पर्यावरणाचे उद्दिष्ट सामाजिक उद्दिष्टाला इथे खाते. उलट, तिचा दर टिकवण्यासाठी तुम्ही सारखे, मोठे, एकरंगी तुकडेच घ्यायचे ठरवले, तर हळूहळू तुम्ही कातरणांवरून शिल्लक ताग्यांवर आणि तिथून नव्या कापडावर जाल. पाचपट उत्पादनाच्या दडपणाखाली हे फार लवकर घडते, आणि ते घडत असताना एकही निर्णय चुकीचा वाटत नाही.

या पेचातून बाहेर पडण्याचा मार्ग हिशेबात नाही, तुमच्या कलेत आहे. याचे सर्वांत चांगले उदाहरण मला गालिचाच्या धंद्यात सापडते. रे अँडरसन यांनी १९७३ साली स्थापन केलेली इंटरफेस ही कंपनी चौकोनी तुकड्यांचे गालिचे बनवते. झिजलेला तेवढाच तुकडा बदलता येतो, हा त्या वस्तूचा मूळ गुण. १९९४ पासून अँडरसन यांनी कंपनीचा पर्यावरणावरील भार २०२० पर्यंत शून्यावर आणण्याचा ध्यास घेतला. तुकडे बदलण्यात एक अडचण होती: नवा तुकडा जुन्यांच्या रंगाशी तंतोतंत जुळत नसे, आणि बसवताना नक्षीची दिशा सांभाळावी लागत असल्यामुळे माल वाया जाई. कंपनीचे डिझायनर डेव्हिड ओकी यांच्या चमूने जंगलातील जमीन पाहून ठरवले की कोणतेही दोन तुकडे सारखे असूच नयेत. २००० साली आलेल्या त्या नक्षीत तुकडा कसाही ठेवला तरी चालतो, रंगाची खेप जुळवावी लागत नाही, आणि डागाळलेला तुकडा बदलला तर नवा तुकडा परका दिसत नाही. ती नक्षी कंपनीच्या सर्वाधिक खपणाऱ्या मालांपैकी एक ठरली. इथे सौंदर्याचा निर्णय, कचऱ्याचा निर्णय आणि मजुरीचा निर्णय हा एकच निर्णय होता.

तुमच्या पिशवीचा नमुना असा बदलता येईल का की वर्गवारीची गरजच कमी होईल? उदाहरणार्थ, तुकड्याचे एकच लहान माप ठरवायचे, रंग मात्र गठ्ठ्यात येतील तसे घ्यायचे, आणि विसंगती हाच नक्षीचा नियम करायचा. जाडीचे दोनच वर्ग ठेवायचे, जाड कापड तळाला आणि पातळ कापड बाजूंना. वर्गवारी आणि कापणी मध्यवर्ती ठिकाणी तासाच्या वेतनावर करून घ्यायची आणि घरी फक्त तयार तुकड्यांचा संच द्यायचा, म्हणजे नगामागचा दर न्याय्य ठरवणे शक्य होते. हे बसेल की नाही हे तुमच्या कातरणांवर अवलंबून आहे, आणि जाड-पातळ मिश्रण फार असेल तर बसणार नाही. परंतु हा प्रयोग तुमच्याखेरीज दुसरे कोणी करू शकत नाही. गुंतवणूकदार तर नाहीच.

याच कंपनीच्या एका फसलेल्या प्रयोगाकडेही लक्ष वेधतो, कारण यशाच्या कथा एकतर्फी असतात. गालिचा विकण्याऐवजी भाड्याने द्यायचा, देखभाल आपण करायची आणि शेवटी तो परत घेऊन नव्या मालात वापरायचा, अशी योजना तिने १९९० च्या दशकात आणली. कागदावर ती निर्दोष होती. पण कार्यालयांच्या हिशेबात गालिचा एका खात्यात बसतो आणि साफसफाई दुसऱ्या खात्यात. दोन्ही एकत्र करून दरमहा भाडे देण्याची ग्राहकांची तयारी नव्हती, आणि योजना रुजली नाही. तुम्ही दुरुस्तीची किंवा जुनी पिशवी परत घेण्याची योजना आखत असाल, तर ग्राहकाचे पैसे कोणत्या खिशातून निघतात हे आधी पाहा. त्याच्या सवयीच्या खात्यात न बसणारी चांगली गोष्ट तो विकत घेत नाही.

थोडा थांबून आतापर्यंतचे एकत्र करतो: तुमचे कातरण आधी कोणाचे होते ते पाहावे, वस्तू वापरात राहते का ते विचारावे, आणि वर्गवारीचा वेळ कोणाच्या माथी पडतो ते मोजून नमुना त्यानुसार बदलावा. एवढे झाल्यावर वाढीचा विचार करता येतो.

वाढीबाबत माझी कसोटी साधी आहे. एक पिशवी अधिक विकली गेली तर उद्दिष्ट आपोआप थोडे अधिक साधते का, की ते साधण्यासाठी कोणीतरी नंतर वेगळा चांगुलपणा दाखवावा लागतो? दुसऱ्या प्रकारच्या रचना भांडवलाच्या दडपणाखाली टिकत नाहीत. सूक्ष्म कर्जाच्या, म्हणजे गरिबांना दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जांच्या, क्षेत्रात हे जगाने पाहिले. बांगलादेशातील मुहंमद युनूस यांची ग्रामीण बँक १९८३ साली औपचारिकपणे बँक झाली आणि २००६ साली तिला आणि युनूस यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले; तिचे बहुतांश भाग (शेअर) कर्जदार स्त्रियांच्याच हाती होते. त्याच कल्पनेवर सेवाभावी संस्था म्हणून सुरू झालेल्या मेक्सिकोतील कॉम्पार्तामोसने २००७ साली भागविक्री केली, तेव्हा तिच्या कर्जांवरील वार्षिक व्याज ८० टक्क्यांहून अधिक असल्यावरून तिच्यावर कठोर टीका झाली, आणि युनूस त्या टीकाकारांत होते. आंध्र प्रदेशात २०१० साली कंपन्यांनी एकाच कुटुंबाला अनेक कर्जे देण्याची आणि दांडगाईने वसुली करण्याची परिणती सरकारी अध्यादेशात आणि परतफेड कोसळण्यात झाली. साधन तेच होते, मालकी आणि वाढीचा वेग बदलला होता.

पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीचे उदाहरण तुम्ही ऐकले असेलच. नोव्हेंबर २०११ मध्ये तिने ‘हे जॅकेट विकत घेऊ नका’ अशी पूर्ण पानाची जाहिरात दिली, आणि त्यानंतर तिची विक्री वाढली. कमी खरेदी करण्याचा संदेशही खरेदीचे कारण होऊ शकतो, हा धडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला तिच्या दोन कमी गाजलेल्या गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे पर्यावरणासाठी तिने नफ्याचा वाटा न ठरवता विक्रीचा एक टक्का ठरवला; नफा हिशेबाच्या हातचलाखीने कमी दाखवता येतो, विक्री दाखवता येत नाही. दुसरी म्हणजे २०२२ साली मालक कुटुंबाने मतदानाचा हक्क असलेले दोन टक्के भाग एका विश्वस्त निधीकडे आणि मतदानाचा हक्क नसलेले उरलेले ९८ टक्के भाग पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे सोपवले, म्हणजे उत्पन्न आणि अधिकार यांची फारकत करून टाकली. तुम्ही त्या आकाराच्या नाही, पण तत्त्व लागू आहे: गुंतवणूकदाराला उत्पन्नात वाटा द्यायला हरकत नाही, मात्र कातरणांचा स्रोत, वर्गवारीचे ताशी वेतन आणि नगाचा दर ठरवण्याची पद्धत या तीन बाबींतील निर्णय त्याच्या मतावर अवलंबून राहू नयेत, आणि हे करारातच लिहिलेले असावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. उद्या तो आपला हिस्सा तिसऱ्याला विकेल.

कंपनी की संस्था याचे उत्तर यामुळे सोपे होते. विक्रीतून खर्च भागत असेल तर कंपनी किंवा सहकारी संस्था ठेवा. प्रशिक्षणासारखे जे काम विक्रीतून कधीच भागणार नाही, तेवढ्यासाठीच देणगी घ्या, आणि त्याचा हिशेब वेगळा ठेवा. देणगीचे पैसे पिशवीची किंमत कमी करण्यासाठी वापरले, तर पिशवी खरोखर कोणाला हवी आहे का हे तुम्हाला कधीच कळणार नाही. काही देशांत सामाजिक हिताला बांधलेल्या कंपनीचा स्वतंत्र कायदेशीर प्रकार आहे. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने तो प्रथम २०१० साली आणला. तुमच्याकडील तरतुदी एखाद्या वकिलाला विचारा. प्रकारावर वेळ घालवण्यापेक्षा करारातील कलमांवर घालवा.

राहता राहिला कलावंताचा प्रश्न, आणि तो तुम्ही काहीशा संकोचाने विचारल्यासारखा वाटला. संकोचाचे कारण नाही. मिअर्ल लॅडरमन युकेलिस या कलावंत १९७७ पासून न्यूयॉर्कच्या स्वच्छता विभागात निवासी कलावंत म्हणून काम करू लागल्या. १९७९-८० या काळात त्यांनी शहरातील सुमारे ८,५०० सफाई कामगारांपैकी प्रत्येकाशी हस्तांदोलन करून त्याचे आभार मानले. त्या कलाकृतीतून विकण्यासारखी वस्तू तयार झाली नाही आणि कचरा एक किलोनेही कमी झाला नाही, परंतु जे श्रम कोणाला दिसत नव्हते ते तिने शहराला दाखवले. कलेला हे करता येते, पिशवीला सहसा करता येत नाही. म्हणून माझी सूचना अशी की भिंतीवरचे कापडी पट व्यवसायापासून वेगळे काढा. ते थोडे असू द्या, त्यांना हवा तेवढा वेळ द्या, त्यांच्यात कातरणे कुठून आली आणि कोणी वर्गवारी केली हे बोलू द्या, आणि त्यांची किंमत कलाकृतीसारखी ठेवा. स्त्रियांचा महिन्याचा रोजगार मात्र त्यांच्यावर टांगून ठेवू नका. पिशव्या आणि आसने यांच्याकडे उत्पादन म्हणून काटेकोरपणे पाहा. ही दोन कामे एकाच जमाखर्चात मिसळलेली असल्यामुळे नेमके कोणते काम दुसऱ्याला पोसत आहे हे तुम्हाला आज सांगता येत नसावे, आणि वर्षअखेरीस हिशेब कसाबसा जुळण्याचे एक कारण हेही असू शकते.

गुंतवणूकदाराला आताच नकार देण्याची गरज नाही. त्याला एक हंगाम थांबायला सांगा आणि त्या काळात दोन नोंदी ठेवा: आलेल्या प्रत्येक गठ्ठ्यात कोणते धागे किती वजनाचे होते, आणि एका पिशवीमागे वर्गवारी, इस्त्री, कापणी व शिवण यांना सरासरी कारागिराचा किती वेळ लागला. वेळ मोजताना स्त्रियांना त्याचा उद्देश आधी सांगा; नाहीतर दर कमी करण्यासाठी मोजणी चालली आहे असे समजून त्या घाईने शिवतील आणि आकडे खोटे येतील. जो गुंतवणूकदार एवढे थांबायलाही तयार नसेल, तो पुढे कातरणांच्या पुरवठ्यातील चढउतार सोसणार नाही, हे गृहीत धरा. नोंदी हाती आल्यावर त्या इथे लिहिल्यात, तर नमुन्याचे माप आणि नगाचा दर कसा काढायचा याचा हिशेब मी करून दाखवीन.